पिशव्यांवरची नावं आणि शिवारातली नाती



खरिपाच्या तोंडावर नाशिक, धुळे, अहिल्यानगर, बीड यांपैकी कुठल्याही जिल्ह्यातल्या कृषी सेवा केंद्रात गेलात, तर बाजरीच्या बियाण्याच्या पिशव्या ओळीने मांडलेल्या दिसतील. नावं वेगळी, रंग वेगळे, भाव वेगळे. समजा अशा वीस पिशव्या आहेत. वीस पिशव्या म्हणजे वीस वाण, इथवर कुणाचं दुमत नाही. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. हे वीस वाण एकमेकांचे कोण लागतात? सख्खी भावंडं आहेत, चुलत आहेत, की परस्परांशी काही संबंधच नाही? शेतकऱ्याला हे सांगता येत नाही, दुकानदाराला सांगता येत नाही, आणि पिशवीवर ते छापलेलं नसतं. जनुकीय मार्कर नावाचं एक साधन गेली काही दशकं आपल्या हाती आहे आणि ते या प्रश्नाला उत्तर देतं. ते उत्तर कसं वाचायचं, त्यावर कुठे विसंबायचं आणि कुठे अजिबात विसंबायचं नाही, एवढंच मला आज मांडायचं आहे. विषय तांत्रिक आहे खरा. पण ज्यांच्या घरी थंडीत बाजरीची भाकरी होते, त्यांना तो परका वाटण्याचं कारण नाही.

आधी थोडा इतिहास. बाजरीच्या कणसात स्त्रीकेसर आधी बाहेर पडतात आणि परागकोष मागाहून येतात. त्यामुळे आपले पराग तयार होण्याआधीच शेजारच्या ताटाचे पराग येऊन पोचतात. संकर शेतात आपोआप होतच असतो. अडचण असते ती हवा तोच संकर, हव्या त्या दोन ओळींमध्ये, एकरच्या एकर घडवून आणण्याची. इतक्या बारीक फुलांतले परागकोष हाताने काढणं माणसाच्या आवाक्यातलं नाही. म्हणून जिचे पराग निकामी आहेत अशी मादी ओळ लागते. पैदासकार तिला ‘ए लाइन’ म्हणतात. तिच्यासारखीच, पण पराग असलेली आणि तिचं बी वाढवायला मदत करणारी ती ‘बी लाइन’. आणि जिच्या परागांमुळे संकरित ताटाला पुन्हा पराग येतात, दाणा भरतो, ती ‘आर लाइन’. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात टिफ्टन इथे ग्लेन बर्टन यांनी टिफ्ट २३ए ही नरवंध्य मादी तयार केली. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ती भारतात आली, लुधियानाला दिलबाग सिंग अठवाल यांनी ती हाती घेतली आणि १९६५ मध्ये एचबी-१ हा संकरित वाण प्रसारित झाला. देशी बाजरीच्या तुलनेत उत्पन्नाची उडी मोठी होती. १९७०-७१ साली देशाचं बाजरीचं उत्पादन ८० लाख टनांच्या घरात गेलं. त्या वर्षीच्या चांगल्या पावसाचा त्यात वाटा होता, पण संकरित वाणांचा वाटाही नाकारता येणार नाही.

आणि मग गोसावी आला. बाजरी पिकवणाऱ्या गावांत हा रोग कुणाला सांगावा लागत नाही. पानं पिवळी पडतात, खालच्या बाजूला पांढरी बुरशी दिसते आणि कणसात दाण्यांच्या जागी हिरव्या पानांचा झुपका येतो. रोगाचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षे टिकतात. सत्तरच्या दशकात या रोगाच्या साथींनी संकरित बाजरीला झोडपलं. आता त्या काळातल्या वाणांची यादी पाहू. एचबी-१, एचबी-२, एचबी-३, एचबी-४, एचबी-५. पाच नावं. पाचांची मादी कोण? टिफ्ट २३ए. एचबी-१ची, एचबी-२ची, पाचव्याचीसुद्धा. नर तेवढे बदलले होते. मग उपाय म्हणून टिफ्ट २३एवर किरणांचा मारा करून रोगाला जरा बरं तोंड देणारी ५०७१ए ही मादी काढली आणि तिच्यापासून एनएचबी-३ आला. त्याचा नर कोण? जे १०४, म्हणजे एचबी-३चा जो नर तोच. किरणांनी बदललेली तीच मादी आणि तोच नर, वाणाचं नाव मात्र नवं. पुढे दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेने ५१४१ए ही वेगळी मादी दिली आणि १९७७ मध्ये बीजे १०४ आला. हा वाण गाजला. त्याच्या नावातला ‘जे १०४’ पाहिलात? पुन्हा तोच नर. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत बीजे १०४ही गोसावीला बळी पडू लागला. वाणांची यादी वर्षागणिक लांबत होती. घराणी मात्र दोन हातांच्या बोटांवर मोजता येतील इतकीच होती.

यावर एक रास्त आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणं बरं नाही. कुणी म्हणेल, यात एकसारखेपणाचा काय दोष? टिफ्ट २३ए जिथे तयार झाली त्या अमेरिकेत बाजरीवर हा रोगच नव्हता. रोगाशी सामनाच झाला नाही, तर प्रतिकारशक्तीची निवड होणार कशी? मादी मुळातच दुबळी होती, ती पडली. शिवाय १९७२चा दुष्काळ महाराष्ट्र विसरलेला नाही; त्या वर्षांतली उत्पादनातली घट सगळी गोसावीच्या खात्यावर कशी टाकायची? आक्षेपातली दोन्ही विधानं खरी आहेत. पण त्यातून निष्कर्ष वेगळा निघतो. मादी दुबळी होती, हे बरोबर. पण एका दुबळ्या ओळीने सबंध देशाचं पीक धोक्यात येतं ते ती एकटीच सगळीकडे असते तेव्हा. दुबळे वाण कायमच असणार, कारण रोग बदलतो आणि आजचा दणकट वाण उद्या दुबळा ठरतो. प्रश्न हा आहे की एक वाण पडला तर शेजारचा वाण उभा राहील का. तो उभा राहील की नाही हे त्याच्या नावावरून कळत नाही, त्याच्या नात्यावरून कळतं. बीजे १०४ने दुसऱ्यांदा हेच दाखवलं. तिथे परदेशी मादीचा बहाणाही उरला नव्हता.

त्याच सुमारास अमेरिकेत मक्यावर जे घडलं, ते या प्रश्नाची दुसरी बाजू दाखवतं. १९७०च्या उन्हाळ्यात दक्षिणेकडून करप्याची साथ वर सरकत गेली आणि त्या वर्षीचं देशाचं सुमारे १५ टक्के पीक गेलं. मक्याच्या शेतांत नाना तऱ्हेचे संकरित वाण होते. केंद्रकातली जनुकं पाहिली तर त्यांच्यात फरकही बराच होता. पण बहुतेक सगळ्यांचं पेशीद्रव्य एक होतं, नरवंध्यत्व देणारं टेक्सास पेशीद्रव्य. त्याच्या तंतुकणिकांमधल्या ज्या जनुकामुळे पराग निकामी होत, त्याच जनुकामुळे बुरशीचं विष त्या पेशींना भोवत होतं, हे पुढे सिद्ध झालं. साहजिकच भारतात बाजरीच्या बाबतीतही संशय पेशीद्रव्यावर गेला. टिफ्ट २३एचं पेशीद्रव्य सगळ्या संकरित वाणांत होतंच. पण पुढच्या प्रयोगांत दिसलं की गोसावीला बळी पडण्याचं कारण ते पेशीद्रव्य नव्हे, केंद्रकातली जनुकं होती. दोन पिकं, दोन साथी, वरून दिसायला एकच गोष्ट. आत मात्र एकीकडे दोष पेशीद्रव्याचा आणि दुसरीकडे केंद्रकाचा. आता विचार करा, १९६९ मध्ये कुणी अमेरिकेतल्या मक्याची विविधता केंद्रकातल्या मार्करांनी मोजली असती तर काय उत्तर आलं असतं? ‘विविधता समाधानकारक.’ आणि पुढच्याच वर्षी पीक जळालं असतं. म्हणून कुणी विविधतेचा आकडा हातात दिला, की पहिला प्रश्न विचारायचा: कशाची विविधता? केंद्रकाची, तंतुकणिकांची, की हरितलवकांची?

मार्कर म्हणजे काय, हे आता थोडक्यात. डीएनएच्या लांब साखळीत काही ठरावीक जागी दोन ताटांमध्ये फरक असतो. तो फरक प्रयोगशाळेत खात्रीने वाचता येत असेल, तर ती जागा म्हणजे मार्कर. सुरुवातीला विकरांच्या रूपांवरून असे फरक ओळखत. ऐंशीच्या दशकात आरएफएलपी आले, १९९०मध्ये आरएपीडी, १९९५मध्ये एएफएलपी, याच काळात एसएसआर आणि शेवटी एकेका अक्षराचा फरक वाचणारे एसएनपी. आरएपीडी स्वस्त होतं, साध्या यंत्रावर होत असे, म्हणून आपल्या कृषी विद्यापीठांतल्या किती प्रबंधांनी त्याचा आधार घेतला हे विचारू नका. त्याचे पट्टे एका प्रयोगशाळेत एक आणि दुसरीत दुसरे यायचे, ही त्याची मोठी खोट. आज चलती आहे ती एसएनपीची. २०११ पासून जीनोमचा थोडा थोडा भाग वाचून एका झटक्यात हजारो फरक गोळा करणारी पद्धत वापरात आली आणि एका ओळीमागचा खर्च उतरला. २०१७ मध्ये बाजरीचा सबंध जीनोम प्रसिद्ध झाला. सुमारे १.८ अब्ज अक्षरं, ३८ हजारांहून अधिक जनुकं, आणि सोबत ९९४ ओळींचं वाचन. त्या प्रकल्पात हैदराबादजवळच्या पाटनचेरूची इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था पुढे होती. प्रमाण जीनोम म्हणून निवडलेली ओळ मात्र पुन्हा टिफ्ट २३च्याच कुळातली. त्यात कुणाचा डाव नव्हता; सगळ्यांना माहीत असलेली, नीट शुद्ध केलेली ओळ घेणं सोयीचं असतं. पण परिणाम लक्षात ठेवायला हवा. एखाद्या आफ्रिकन बाजरीत डीएनएचा जो तुकडा आहे आणि टिफ्टमध्ये नाहीच, तो या प्रमाणाशी ताडून वाचताना सहज हिशेबाबाहेर राहतो.

हा मुद्दा मला जरा ताणायचा आहे, कारण विविधतेचे आकडे आज भरपूर छापले जातात आणि ते वाचण्याची सवय फार थोड्यांना आहे. पहिली गोष्ट नमुन्याची. शुद्ध केलेल्या ओळीत ताटं जवळपास सारखी असतात, तिथे थोडी ताटं घेतली तरी चालतं. पण खुल्या परागीभवनाच्या बाजरीत, गावरान बाजरीत, दर ताट वेगळं. तिथून एक ताट उचलून ‘ही अमुक गावची बाजरी’ म्हणणं म्हणजे विविधतेचा मोठा भाग मोजायच्या आधीच टाकून देणं. कुठलंही संशोधन समोर आलं, की विचारा: किती ताटं घेतली? दुसरी गोष्ट मापाची. मार्कर किती भेद दाखवू शकतो याचा एक निर्देशांक असतो, पीआयसी नावाचा. एसएसआर मार्करला एकाच जागी आठ-दहा रूपं असू शकतात, म्हणून त्याचा पीआयसी ०.७, ०.८ असा चढू शकतो. एसएनपीला बहुधा दोनच रूपं; दोन्ही अगदी निम्मीनिम्मी असली तरी त्याचा पीआयसी ०.३७५च्या वर जाऊच शकत नाही. मग जुन्या अभ्यासात ०.६५ आणि नव्या अभ्यासात ०.२८ आला, म्हणून ‘विविधता घटली’ असं कुणी म्हटलं तर? शेराने मोजलेलं दूध आणि लिटरने मोजलेलं दूध यांचे नुसते आकडे शेजारी ठेवण्यासारखं ते आहे. तिसरी गोष्ट, मार्कर कुठून शोधले. पन्नास निवडक सुधारित ओळींमध्ये सापडलेले एसएनपी घेऊन चिप बनवली आणि ती गावरान वाणांवर लावली, तर गावरान वाणांतले खास त्यांचे फरक त्या चिपवर नसतातच. मग उत्तर येतं की सुधारित ओळींमध्येच जास्त विविधता आहे! माप चुकीचं नव्हतं, जागा निवडतानाच पारडं झुकलेलं होतं. आणि शेवटची गोष्ट त्या झाडासारख्या आकृतीची, जी प्रत्येक प्रबंधात असते. फांद्या, उपफांद्या, रंगीत गट. ती काढणारी संगणकीय रीत अशी आहे की तिला कसेही आकडे द्या, ती झाड काढतेच. नाती नसली तरी काढते. फांदी पक्की आहे की योगायोगाने उमटली आहे, हे तपासायला तेच आकडे पुन्हा पुन्हा पिसून पाहावे लागतात. ती तपासणी नसेल, तर चित्र भिंतीवर लावायला छान, निर्णयाला निरुपयोगी.

इतक्या अटी असतील तर हा खटाटोप कशाला, असं वाटणं स्वाभाविक आहे. पैदासकाराच्या वहीत वंशावळ लिहिलेलीच असते; ती वाचली की नातं कळलं, मार्कर कशाला? वहीचा मान राखूनही मला हे पटत नाही. वंशावळ सरासरी सांगते. एकाच जोडीपासून काढलेल्या दोन शुद्ध ओळी जिथे आईबाप वेगळे होते अशा निम्म्या जागी सारख्या असतील, असा वहीचा अंदाज. पण बाजरीत गुणसूत्रांच्या जोड्या सातच. मोठाले तुकडे एकत्र वारशाला येतात, त्यात पैदासकार पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला आवडलेलं कणीस निवडत जातो. प्रत्यक्षातला आकडा ३० टक्के निघेल किंवा ७० टक्के. शिवाय परपरागसिंचित पिकात कणसावर बांधलेली पिशवी फाटली, वाऱ्याने शेजारचे पराग आले की वहीतली वंशावळ तशीच राहते आणि ओळ बदलते. ५०७१एची वंशावळ तर ‘किरणोत्सर्गाने बदललेली’ एवढंच सांगेल. किती बदलली ते मार्करशिवाय कळणार नाही. वही हेतू सांगते आणि मार्कर प्रत्यक्षात घडलं ते दाखवतो. दोन्ही शेजारी ठेवून वाचलं तर चूकही सापडते आणि चोरीही. २००१च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यात जुन्या वाणापासून थोडक्याच फरकाने काढलेल्या वाणाची वेगळी नोंद करण्याची तरतूद आहे. ती अंमलात आणायची तर नुसत्या कणसाच्या लांबीवर आणि पानाच्या रंगावर भागणार नाही.

याहून धारदार आक्षेप दुसरा आहे. मार्कर बहुतेक वेळा अशा जागी असतात ज्यांचा कुठल्याही गुणाशी संबंध नसतो. मग हजार निरुपयोगी जागांवरचं अंतर मोजून रोग, दुष्काळ, दाण्याचा कस यांबद्दल काय कळणार? या आक्षेपाला एचएचबी ६७ हे उत्तर आहे, आणि गंमत म्हणजे आक्षेप घेणाऱ्यालाही तेच उपयोगी पडतं. हिसारच्या कृषी विद्यापीठाचा हा १९९०चा वाण पासष्ट दिवसांच्या आत येतो. हरियाणा आणि राजस्थानच्या कोरडवाहू भागात तो पसरला. पुढे तोही गोसावीला बळी पडण्याची लक्षणं दिसू लागली. मग इक्रिसॅट, हिसार आणि ब्रिटनमधल्या संस्थांनी मिळून त्याच्या नर ओळीत, एच ७७/८३३-२मध्ये, दुसऱ्या ओळीतले प्रतिकाराचे तुकडे मार्करच्या मदतीने आणून बसवले. मादीतही प्रतिकारशक्ती घातली. २००५मध्ये सुधारित एचएचबी ६७ प्रसारित झाला. जुना आणि नवा, दोघांमधलं मार्करचं अंतर मोजाल तर ते नगण्य येईल. तसं ते यावं, हाच तर प्रयत्न होता. लवकर येण्याचा गुण जाऊ नये म्हणून बाकीचा सगळा डीएनए जुनाच ठेवला होता. तरी रोगाच्या दृष्टीने दोघे वेगळे. आता हे मक्याशेजारी ठेवा. तिथे अंतर मोठं होतं आणि एका सामाईक जनुकाने घात केला. इथे अंतर जवळजवळ शून्य आणि मोजक्या वेगळ्या तुकड्यांनी तारलं. म्हणजे सरासरी अंतर हा एकच आकडा निर्णयाला पुरत नाही. पण निरुपयोगीही नाही! जागा तटस्थ असतात म्हणूनच त्या नातं प्रामाणिकपणे सांगतात. निवडीचा हात त्यांच्यावर कमी पडलेला असतो. गुण शोधायचा तर गुणाजवळचा मार्कर हवा, नातं शोधायचं तर तटस्थ मार्कर हवेत, आणि धोका ओळखायचा तर दोन्ही हवेत.

लांबच्या दोन ओळींचा संकर केला की उत्पन्न जास्त, तेव्हा मार्करने सर्वांत लांबची जोडी शोधा, असंही एक स्वप्न होतं. ते फारसं खरं झालं नाही. जवळच्या नात्यात अंतर वाढलं तर उत्पन्न वाढताना दिसतं; पण एका मर्यादेपलीकडे अंतर आणि संकराचा जोम यांचा संबंध सैल पडतो. बाजरीत मार्करचा उपयोग झाला तो वेगळा. मादी ओळी आणि नर ओळी ढोबळमानाने दोन स्वतंत्र गटांत पडतात, हे पुन्हा पुन्हा दिसलं. हे गट परस्परांत मिसळू द्यायचे नाहीत, हा पैदासकाराला मिळालेला खरा सल्ला.

आता प्रयोगशाळेतून शिवारात येऊ. समजा एका जिल्ह्यात बाजरीचे दहा संकरित वाण आहेत आणि मार्कर म्हणतात की दहाही एकमेकांपासून लांब आहेत. छान. पण त्यातला एक वाण ८० टक्के क्षेत्रावर असेल आणि उरलेले नऊ मिळून २० टक्क्यांवर, तर? डोळे मिटून दोन शेतं निवडली तर दोन्हीकडे एकच वाण असण्याची शक्यता शंभरात चौसष्टहून जास्त. हाच हिशेब उलटा मांडला तर त्या जिल्ह्यात प्रत्यक्षात दहा वाण नसून जेमतेम दीड वाण आहे. उरलेले साडेआठ पिशव्यांवर आहेत, शिवारात नाहीत. संशोधन संस्थांमध्ये विविधता मोजताना दर ओळीला एकच मत मिळतं. रोगाचे बीजाणू मात्र क्षेत्रफळाप्रमाणे मत देतात. म्हणून मार्करचं अंतर आणि पेऱ्याचे आकडे एकत्र आणल्याशिवाय कुठल्याही जिल्ह्याच्या पिकाबद्दल निश्चिंत राहण्याला आधार नाही. मार्करचे आकडे आणि पेऱ्याचे आकडे दोन्ही कुठे ना कुठे जमतात. ते एका कागदावर येत नाहीत, एवढीच अडचण आहे.

ते येत नाहीत त्याचं एक कारण व्यापार. संकरित बाजरीचं बियाणं आज बहुतांश खासगी क्षेत्रातून येतं आणि आईबाप ओळी हीच त्या धंद्याची पुंजी. त्या उघड करा म्हटलं, तर कोण करील? आणि का करावं? माझं म्हणणं तेवढं टोकाचं नाही. वाणाचा मार्कर ठसा नियामकाकडे ठेवायला ओळी उघड कराव्या लागत नाहीत. दोन ठशांमधलं अंतर सांगता येतं, ठसे न दाखवता. शेतकऱ्याला आईचं नाव नको आहे. त्याला एवढंच कळायला हवं की गेल्या वर्षी गोसावीने बसवलेल्या वाणाच्या जागी तो जो नवा वाण घेतो आहे, तो जुन्याचाच सख्खा भाऊ तर नाही? एकसारखं पीक बाजाराला हवं असतं, काढणीला सोपं पडतं, हेही खरं. एका शेतात पीक एकसारखं असायला माझी हरकत नाही. एकसारखेपणा शेताच्या बांधावर थांबावा. तालुक्याच्या सीमेपर्यंत जाऊ नये.

आणि हे सगळं जुन्या साथींच्या आठवणीसाठी सांगत नाही. आज याच प्रकारचा एक पेच आपल्यासमोर उभा राहतो आहे, तोही अत्यंत चांगल्या हेतूने. पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो, घाना, बेनिन, बुर्किना फासो या पट्ट्यात इनियादी नावाची गावरान बाजरी आहे. लवकर येणारी, टपोऱ्या दाण्याची. टोगोच्या अशा बाजरीतून इक्रिसॅटने आयसीटीपी ८२०३ हा वाण निवडला, तो ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस महाराष्ट्रात आला आणि रुळला. त्यातूनच जास्त लोहाचा धनशक्ती वाण निघाला, जो २०१२मध्ये महाराष्ट्रात प्रसारित झाला. दाण्यात लोह जास्त असलेल्या बहुतेक ओळींचं मूळ शोधत गेलं, तर ते या इनियादीपाशी पोचतं. २०१८पासून देशात बाजरीचा वाण प्रसारित करताना दर किलो दाण्यात किमान ४२ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त असावं, असा दंडक आहे. ज्या देशात पंडुरोग घराघरांत आहे तिथे हा दंडक योग्यच आहे. त्याला विरोध करणं मला पटणार नाही. पण त्याचा पैदासकारावर होणारा परिणाम पाहा. आकडा गाठायचा तर सोपी वाट एकच: इनियादी. सरकारी पैदासकारही तिकडेच वळणार, खासगीही तिकडेच, मादी ओळीतही तेच रक्त आणि नर ओळीतही तेच. पाटनचेरूच्या जनुकपेढीत बाजरीचे २० हजारांहून जास्त नमुने आहेत. त्यांतून निवडलेला २३८ नमुन्यांचा छोटा संचही तयार आहे. लोहाचे दुसरे स्रोत त्यात शोधता येतील. ते काम वेळ घेईल. तोवर एक साधी गोष्ट आजच करता येण्यासारखी आहे. लोहाचा आकडा तपासायला नमुना प्रयोगशाळेत जातोच. त्याच बियाण्यातल्या थोड्या दाण्यांचा डीएनए काढून त्या वाणात इनियादीचा वाटा किती, आणि तो वाटा कोणत्या गुणसूत्रांवर बसला आहे, हे मोजावं आणि वाण प्रसारित करायचा की नाही हे ठरवणाऱ्या समितीसमोर लोहाच्या आकड्याच्या शेजारी ठेवावं.